पाणी काळं करून दाखवलं आणि ३८,५०० रुपये नेले

पिण्याचं पाणी शुद्ध करायच्या मशीनचे १४,५०० आणि शेतीचं पाणी सुधारायला म्हणून मोटरच्या पाइपवर बसवलेल्या मॅग्नेटचे, म्हणजे चुंबकाचे, २४,०००. पूर्ण आकडा घरात अजून सांगितलेला नाही.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात. जमीन चोपण, म्हणजे क्षारांनी खराब, होत चाललेली, ऊस पिवळा पडतोय, त्यात लेक बाळंतपणाला आलेली, बाळ वरच्या दुधावर. अशा वेळी ‘विहिरीचं पाणी फुकट तपासतो’ म्हणत कुणी दारात आलं, तर नाही कसं म्हणणार?

त्यानं दोन ग्लास मांडले. एकात आमचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं. रॉड सोडून वीज लावली. आमचं काळंतपकिरी झालं, त्याचं नितळ राहिलं. बारावीतली पुतणी म्हणाली, ‘काका, रॉडच झिजून पाण्यात उतरतोय. क्षार नसलेल्या पाण्यातून वीज जवळजवळ जातच नाही.’ मी तिला चार माणसांत गप्प केलं, आत पाठवलं. ते आठवलं की घास उतरत नाही. पण मी अडाणी नाही हो. तो गाळ बघून मला फक्त बाळ दिसत होतं.

दोन महिन्यांनी पाणी प्रयोगशाळेत तपासायला दिलं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मशीनआधी १,२४०, नंतर १,२३०. मशीन उघडलं तर आत क्षार अडवणारं मेंब्रेनच नाही, नुसती गाळ अडवणारी कँडल! नायट्रेट लिटरला ७२ मिलिग्रॅम, मर्यादा ४५. बाळाला तेच पाणी आम्ही उकळून देत होतो. उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं. टीडीएस मीटरवर ना नायट्रेट कळतं, ना जंतू. आता बाळाला तपासलेलं पाणी बाहेरून आणतो.

शेतीच्या पाण्याचं आरएससी, म्हणजे पाण्यातल्या जादा सोड्याचं माप, ३.१ निघालं. २.५ च्या वर ते पाणी पिकाला चालत नाही. त्यावर माती तपासून जिप्सम टाकतात; चुंबकानं काही होत नाही.

ठाण्यात म्हणाले, ‘माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? ग्राहक आयोगात जा.’ पाण्याच्या ऑफिसात म्हणे खासगी विक्रेत्याशी संबंध नाही. आरोग्यवाल्यांनी परत ठाण्यात पाठवलं. तीन हेलपाटे, ६४० रुपये भाडं, आणि अर्जाची पोचसुद्धा मागून घ्यावी लागली! मग आम्ही जायचं कुणाकडे? शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पावतीवरच्या पत्त्यावर किराणा दुकान निघालं. पैसे देण्याआधी तो पत्ता बघून या.

नमुना स्वतः न्या. मोटर दहा मिनिटं चालवा, बाटली त्याच पाण्यानं विसळा. जंतूंसाठी मात्र प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली घ्या, ती विसळू नका.

आणि रॉडवाला आलाच, तर आधी त्याच्या नितळ ग्लासात चिमूटभर मीठ टाका, मग रॉड सोडायला सांगा.