व्हिएन्ना फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचं १२५ वर्षांचं टपाल तिकीट (१९६७), घेण्यासारखं आहे का?

कितीतरी दिवस शोधत होतो, शेवटी गेल्या महिन्यात हातात आलं. ऑस्ट्रियाच्या पोस्टाचं साडेतीन शिलिंगचं तिकीट, २८ मार्च १९६७ ला निघालेलं. तारीख अगदी जुळवून धरलीये, कारण कंडक्टर ऑटो निकोलायनं या ऑर्केस्ट्राची पहिली कॉन्सर्ट केली ती २८ मार्च १८४२ ला, म्हणजे बरोब्बर १२५ वर्षं.

चित्रात काय, तर एक व्हायोलिन आणि म्युझिकफेराइनच्या (व्हिएन्नातलं संगीतगृह) सोनेरी हॉलमधला ऑर्गन, म्हणजे उंच नळ्यांचं ते मोठं वाद्य, बस. रंगही एकच, गडद निळा. पहिल्यांदा बघताना साधं वाटतं पण भिंग लावा मग कळेल, कोरीव प्लेटवरून छापलंय त्यामुळे नळ्यांच्या रेघा एकेक सुट्ट्या दिसतात, आजकालची रंगीत तिकिटं भिंगाखाली धरली की नुसते ठिपके ठिपके दिसतात तसं इथे नाही, रेघ म्हणजे रेघ. मी तर त्या नळ्यांवरच पंधरा मिनिटं घालवली. ज्यांनी फिलहार्मोनिकचं सोन्याचं नाणं पाहिलंय (ते १९८९ पासून निघतं) त्यांना ऑर्गन लगेच ओळखू येईल, त्याच्यावर तोच आहे. २०११ मध्ये आतला ऑर्गन नवा बसवला पण दर्शनी भाग जुनाच ठेवलाय.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे तिकिटावर कुणाचा चेहरा नाही. आपल्याला वाटतं ऑर्केस्ट्रा म्हटलं की कंडक्टर हवाच, पण यांच्याकडे १९३३ पासून कायमचा कंडक्टरच नाही! वादक आपापसात ठरवतात कुणाला बोलवायचं, कारभारही तेच बघतात, आणि मेंबर व्हायचं तर आधी व्हिएन्ना स्टेट ऑपेराच्या ऑर्केस्ट्रात वाजवावं लागतं. मग चेहरा टाकायचा तरी कुणाचा? आपल्या मुंबईचे झुबिन मेहता १९५४ मध्ये शिकायला व्हिएन्नाला गेले आणि पुढे यांची न्यू इयर कॉन्सर्ट पाच वेळा केली (१९९०, १९९५, १९९८, २००७, २०१५), तेही तिथे पाहुणेच.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. व्हायोलिन आहे, वाजवणारा नाही. हे बघताना मला आर्नोल्ड रोझे आठवतात. १८८१ पासून ते या मंडळींचे कॉन्सर्टमास्टर, म्हणजे पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीवर, जवळपास ५७ वर्षं. १९३८ मध्ये नाझी आले आणि ज्यू म्हणून त्यांना बाहेर काढलं, म्हातारपणी लंडनला जावं लागलं, तिथेच १९४६ मध्ये गेले. मुलगी आल्मा, तीही व्हायोलिन वाजवायची, ती १९४४ मध्ये आउशविट्झच्या छळछावणीत वारली. ऑर्केस्ट्रातले आणखीही ज्यू वादक हाकलले गेले, काही छळछावण्यांत मेले. १९६७ च्या तिकिटावर याचा मागमूस नाही. ऑर्केस्ट्रानं स्वतः इतिहासकारांकडून अभ्यास करून घेऊन तो लोकांसमोर ठेवला २०१३ मध्ये. १२५ वर्षांत ही वर्षंसुद्धा येतात ना, म्हणून तिकीट घेतलंत तर रोझेंची माहिती पण वाचा, मी अल्बमच्या पानावर तिकिटाखाली पेन्सिलनं त्यांचं नाव लिहून ठेवलंय.

आता खरेदीचं. माझं पहिलं तिकीट एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलं, मिंट (म्हणजे कोरं, न वापरलेलं) म्हणून घेतलेलं, मागे बघतो तर हिंजचा (अल्बमला चिकटवायच्या कागदी पट्टीचा) डाग आणि मागचा गम अर्धा उडालेला, फोटोत फक्त पुढची बाजू होती. मेसेज केला तर उत्तरच नाही, खूप वाईट वाटलं. दुसरं दुसरीकडून घेतलं, आधी मागच्या बाजूचा फोटो मागवला, कडेचे दाते चारी बाजूंनी मोजून पाहिले, ते मस्त निघालं, आणि दोन्ही मिळूनसुद्धा दोन माणसांच्या जेवणाइतकेच पैसे गेले. त्यामुळे महाग पडेल म्हणून थांबू नका. संगीताच्या विषयावर जमवत असाल तर डोळे मिटून घ्या, नुसते रंग आवडत असतील तर मात्र हे तुमच्यासाठी नाही. आणि साध्या लाइटमध्ये बघू नका, खिडकीपाशी तिरकं धरा, निळ्या रेघा कागदावरून किंचित वर आलेल्या दिसतात.