इराकमधली ‘सिव्हिल अफेअर्स’ सेवा: पंप बसला, पुढे काय?

शहरात लढाई चालू असताना नळाला पाणी आणायचं, कचरा उचलायचा आणि वस्तीची समितीही बसवायची, हे काम इराकमध्ये २००३ च्या अमेरिकी आक्रमणानंतर मोठ्या प्रमाणात अमेरिकी लष्कराच्या ‘सिव्हिल अफेअर्स’ शाखेकडे आलं. त्या वेळी या शाखेतले नव्वद टक्क्यांहून अधिक सैनिक राखीव दलाचे होते. एरवी ते पोलीस, शिक्षक, वकील, अभियंते म्हणून आपापल्या गावी काम करत. कायम सेवेतली म्हणावी अशी एकच बटालियन होती, अमेरिकेतल्या फोर्ट ब्रॅग या लष्करी तळावरची ९६ वी. शहर चालवण्याची सवय असलेली माणसं शहर उभारायला पाठवायची, हा विचार पटण्यासारखा आहे. मात्र नेमणूक हुद्दा आणि लष्करी प्रशिक्षण बघून व्हायची, घरचा व्यवसाय बघून नव्हे. त्यामुळे पाणीपुरवठ्यातला जाणकार भलत्याच जागी आणि पाणी योजनेवर भलताच माणूस, असं होत राहिलं.

सेवेचा गाभा म्हणजे चौघांची तुकडी, बहुधा कॅप्टनच्या हाताखाली. सांडपाणी, पाणी, वीज, शाळा, कचरा या क्रमाने वस्तीची पाहणी हे तिचं पहिलं काम, आणि या सेवेचा खरा दर्जा त्या पाहणीतच कळतो. कच्च्या पाहणीत नोंद असते, ‘पंप बंद’. मग नवा पंप येतो, फीत कापली जाते आणि काही महिन्यांत तोही बंद पडतो. पंप जळण्यामागे दाब कमी-जास्त होणारी वीज किंवा गाळ हे कारण असतं, आणि ते कोणी विचारलेलंच नसतं. पक्क्या पाहणीत पंपाची क्षमता किती, वीज दिवसाला किती तास येते, जनरेटरला डिझेल किती दिवसांचं आहे, सील आणि बेअरिंग कुठे मिळतात, ऑपरेटरला शेवटचा पगार कधी मिळाला, हे सगळं येतं. शिवाय जलशुद्धीकरण केंद्रापासून सर्वात लांबच्या नळावर उरलेलं क्लोरीन मोजलं जातं. तिथे ते लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम भरायला हवं. २००७ मध्ये बंडखोरांनी क्लोरीनच्या टाक्या बाँबसाठी वापरल्यावर त्याच्या वाहतुकीवर बंधनं आली. तेव्हा चालू पंप असूनही शुद्ध पाण्याची खात्री राहिली नाही. पंपाइतकीच पुरवठ्याची साखळीही बघावी लागते, ती यासाठी.

पैशाची सोय चांगली होती. कमांडरच्या हातातला तातडीचा निधी २००३ मध्ये सद्दाम राजवटीच्या जप्त रकमेतून सुरू झाला, पुढे अमेरिकी काँग्रेसने त्यासाठी तरतूद केली. खरेदी ठरवणारा अधिकारी वेगळा आणि रोख देणारा वेगळा, हा नियम फार मोलाचा. दोष एकच, पण मोठा: निधी किती खर्च झाला यावरून काम मोजलं जायचं. तरीही छोट्या कामांत चूक झाली तर ती छोटीच राहते. या तुकड्यांच्या आवाक्याबाहेरची फल्लुजा या इराकी शहराची सांडपाणी योजना बघा. २००४ मध्ये ३.२५ कोटी डॉलरच्या अंदाजाने सुरू झालेल्या या कामाचा खर्च तिपटीवर गेला, आणि २४,४०० घरांऐवजी सुमारे ९,३०० घरांना जोडणी मिळेल, असं इराक पुनर्बांधणीच्या विशेष महानिरीक्षकांच्या तपासणीत दिसलं.

समित्यांचं काम मला सर्वात महत्त्वाचं वाटतं, आणि अपयशही तिथलंच सर्वात जास्त खटकतं. बगदादमध्ये २००३ च्या उन्हाळ्यात ८८ मोहल्ला समित्या, त्यांतून ९ विभागीय समित्या आणि वर शहराची अंतरिम समिती उभी राहिली. युद्धानंतर इतक्या लवकर हे होणं मोठंच. पण पाणी, वीज, शाळा यांची खाती केंद्र सरकारच्या मंत्रालयांच्या हाताखाली होती. समितीने ठराव करायचा आणि पैसा मात्र तिच्या हातात नाही! लोकांचा राग सदस्यांवर, बंडखोरांच्या गोळ्याही त्यांच्याचवर. अशा वेळी तुकडीने समितीला नवं कार्यालय बांधून देण्यापेक्षा खात्याच्या संचालकाला बैठकीला आणून बसवणं जास्त उपयोगाचं. त्याच्या अंदाजपत्रकात देखभालीची ओळ आली, तरच पंप चालतो.

शेवटची अडचण बदलीची. साधारण वर्षाने तुकडी घरी जायची. जानेवारी २००७ पासून राखीव सैनिकांची बोलावणी प्रशिक्षणासकट बारा महिन्यांवर आली, म्हणजे प्रत्यक्ष इराकमध्ये त्याहून कमी. सैनिकांच्या दृष्टीने हा निर्णय न्याय्यच होता. कामाला मात्र त्याचा फटका बसला. नव्या तुकडीला फाइल मिळायची, शब्द कोणाला दिला होता ते कळायचं नाही. म्हणून हस्तांतरात कामांच्या यादीबरोबर तीन गोष्टी लेखी हव्यात: कोणाला काय कबूल केलं, कुठल्या कंत्राटदाराचा हप्ता कशासाठी रोखलाय, आणि प्रत्येक यंत्राच्या डिझेलचा व ऑपरेटरच्या पगाराचा खर्च उद्यापासून कोणतं खातं देणार. तिसऱ्या रकान्यात खात्याच्या अधिकाऱ्याची सही नसेल, तर ते काम ‘पूर्ण’ म्हणून नोंदवू नये.