थायलंडचा निवृत्ती व्हिसा: कोल्हापूरहून काढला, चियांग माई शहरात वापरून पाहिला

आधी निकाल सांगतो, मग तपशील. वर्षातले चार-पाच महिने तिकडे आणि बाकीचे आपल्या घरी असं ज्याला राहायचंय, त्याच्यासाठी हा व्हिसा उत्तम. कोल्हापूरचं बिऱ्हाड मोडून कायमचं जायचं असेल तर दहा वेळा विचार करा. ही वर्षावर्षाची परवानगी आहे, तिच्यातून पुढे आपोआप नागरिकत्व वगैरे काही मिळत नाही.

आम्ही दोघंही निवृत्त शिक्षक, दोघांनाही पेन्शन. व्हिसा घेतला तो 'नॉन-इमिग्रंट ओ-ए' प्रकारचा. वयाची 50 पूर्ण हवीत, आणि बँकेत 8 लाख बाथ (तिथलं चलन) किंवा महिना 65 हजार बाथ उत्पन्न. आमच्या पेन्शनी 65 हजार बाथच्या जवळपासही जात नाहीत, म्हणून ठेवीचा रस्ता धरला. आम्ही अर्ज केला तेव्हा 8 लाख बाथ म्हणजे 21-22 लाख रुपये, माणशी. ओ-ए चा मोठा फायदा असा की अर्जाच्या वेळी ही रक्कम भारतातल्या बँकेत असली तरी चालते. आमच्या ग्रॅच्युइटीच्या ठेवी लक्ष्मीपुरीतल्या शाखेतच राहिल्या, फक्त बँकेचं पत्र आणि स्टेटमेंट जोडलं. नोकरी-धंदा मात्र काहीही करता येत नाही. मुलांच्या शिकवण्या घेतल्या तरी ते काम धरतात, हे निवृत्त शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावं.

जानेवारी 2025 पासून अर्ज ऑनलाइन भरता येतो, त्यामुळे मुंबईला कागद घेऊन पळायला लागलं नाही. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून मागवला, ठाण्यातून चौकशीला फोन आला, काम झालं. खरी गंमत वैद्यकीय दाखल्याची. त्यात कुष्ठरोग, क्षय, हत्तीरोग, व्यसन आणि तिसऱ्या टप्प्यातला सिफिलिस नाही, असं डॉक्टरांनी एकेक लिहून द्यायचं असतं. आमचे फॅमिली डॉक्टर माझे जुने विद्यार्थी. फॉर्म वाचता वाचता ते थांबले, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, ''सर, तुमच्याबद्दल हे असलं मी लिहू?'' सौ. शेजारीच बसली होती. ती म्हणाली, ''लिहा हो, नाही असंच लिहायचंय ना!'' शिक्का मारताना तिघंही हसत होतो. हे दाखले तीन महिन्यांच्या आतले लागतात, म्हणून फार आधी काढून ठेवू नका.

आता विमा. सगळ्यात जास्त डोकं इथं गेलं. ओ-ए ला 30 लाख बाथचं आरोग्य विमा कवच लागतं, आणि परदेशी कंपनीची पॉलिसी असेल तर थाई सरकारच्या ठरलेल्या नमुन्यावर कंपनीची सही लागते. आपली नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी भारताबाहेर चालत नाही. एका कंपनीने परदेशात चालणारी पॉलिसी देतो म्हणून सांगितलं, आणि त्या नमुन्यावर सही करायची वेळ आली तेव्हा 'आमच्या धोरणात बसत नाही' म्हणून हात वर केले. शेवटी थायलंडमधल्याच कंपनीची पॉलिसी घेतली. साठीच्या पुढे हप्ता झणझणीत लागतो, बीपी-शुगर असेल तर त्याच्याशी संबंधित खर्च वगळतात, आणि सत्तरीनंतर नवी पॉलिसी मिळणं अवघड. त्यामुळे माझं मत असं: पंचाहत्तरीत हा बेत आखू नका. जायचं तर साठीच्या आसपासच जा.

तिथे उतरल्यावर पासपोर्टवर वर्षभर राहायच्या परवानगीचा शिक्का मिळतो, पण विमा त्याआधी संपत असेल तर शिक्काही तेवढाच. तुम्ही कुठे राहताय हे घरमालकाने 24 तासांच्या आत इमिग्रेशनला कळवायचं असतं, त्या फॉर्मला टीएम-30 म्हणतात. घर बघतानाच मालकाला विचारा, टीएम-30 भरणार का? आढेवेढे घेतले तर दुसरं घर बघा. सलग 90 दिवस झाले की आपला पत्ता आपण पुन्हा कळवायचा. 15 दिवस आधीपासून 7 दिवस नंतरपर्यंत मुभा असते, चुकलं तर 2,000 बाथ दंड. देशाबाहेर गेलं की ही मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

'60 दिवस व्हिसाशिवाय सोडत होते की, मग हा उद्योग कशाला?' असं कट्ट्यावर बऱ्याच जणांनी विचारलं. आम्ही गेलो तेव्हा ती सवलत होती हे खरं. पण दोन महिन्यांसाठी धड घर भाड्याने मिळत नाही, बँकेत खातं उघडत नाहीत, आणि सामान उघडेपर्यंत परतीची तारीख दिसायला लागते. आम्हाला 12 हजार बाथला लिफ्ट आणि बाल्कनी असलेली छोटी सदनिका मिळाली ती वर्षाचा करार केला म्हणून. परतताना कुकर, गाद्या, सौ.च्या कुंड्या सगळं तिथंच राहिलं.

चार-पाच महिनेच का, तर एक कारण धूर. चियांग माईला फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जळतात, आणि डोंगरांच्या खोलगटात तो धूर अडकून बसतो. डोई सुथेपचा डोंगर शहरातून दिसायचा बंद झाला की समजायचं, तिकीट काढायची वेळ आली. ऑक्टोबर ते जानेवारी मात्र तिथली हवा म्हणजे नाद खुळा.

दुसरं कारण कराचं. तिथे जानेवारी ते डिसेंबरमध्ये 180 दिवस भरले की तुम्ही तिथले करदाते होता, आणि 2024 पासून बाहेरून तिथे आणलेलं उत्पन्नही हिशेबात येतं. इकडे एप्रिल ते मार्चमध्ये 182 दिवस भारतात काढले की आपण इथले रहिवासी राहतो. कायम बाहेर गेलं तर बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करावं लागतं, ठेवीच्या व्याजावर 30 टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापतात, टीडीएस कापू नका म्हणून ज्येष्ठांनी द्यायचा फॉर्म चालत नाही, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवं खातं उघडता येत नाही. आमच्यासारख्यांची सगळी पुंजी याच गोष्टींत. आमच्या सीएंनी कॅलेंडरवर दोन रंगांनी दोन्ही वर्षांचे दिवस मोजून दिले, तो कागद फ्रिजवर लावलाय.

नूतनीकरणाबद्दल. ओ-ए च्या वर्षभराच्या मुदतीत कितीही वेळा आत-बाहेर करता येतं आणि प्रत्येक प्रवेशाला नवा शिक्का मिळतो. म्हणजे मुदत संपायच्या जरा आधी नवा विमा घेऊन आत शिरलं, की जवळजवळ आणखी एक वर्ष पदरात. आमची मुदत सप्टेंबरात संपते, म्हणून आम्ही ऑगस्टअखेर जाणार. मात्र तेव्हापासून डिसेंबरपर्यंत सलग राहिलो, तर वर्षाच्या सुरुवातीचे दिवस धरून कराचे 180 दिवस ओलांडायची भीती. म्हणून नवरात्राला अंबाबाईच्या दर्शनाला यायचं आणि दिवाळी करूनच परतायचं. मूळ व्हिसा संपलेला असताना बाहेर पडायचं तर आधी री-एंट्री परमिट घ्यावं लागतं, एका वेळचं 1,000 बाथ. ते न घेता विमानात बसलात तर शिक्का रद्द.

तिथेच मुदतवाढ घ्यायची असेल तर 8 लाख बाथ थाई बँकेत दोन महिने आधी ठेवावे लागतात, नंतर तीन महिने हात लावायचा नाही आणि पुढेही 4 लाखांच्या खाली जायचं नाही. शिवाय इथून पाठवताना एका आर्थिक वर्षात 10 लाखांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. रिटर्न भरल्यावर तो परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. थोडे मार्चमध्ये, थोडे एप्रिलमध्ये पाठवले तर बराचसा वाचतो. आम्ही या भानगडीत पडणार नाही, इथूनच नवा ओ-ए काढू.

खाण्याचं म्हणाल तर खाव सोय नावाची नारळाच्या दुधातली शेवयांची आमटी पांढऱ्या रश्श्याच्या चुलत बहिणीसारखी लागते. कांदा-लसूण चटणी इथून न्यावी. नोव्हेंबरात हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून गेला. शहरात भारताचं वाणिज्य दूतावास आहे, पण त्यासाठी जायची गरज पडली नाही.

आणि सदनिका विकत घेऊ का, असं विचारणाऱ्यांना: परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही, इमारतीतली सदनिका घेता येते, तीही सगळे परदेशी मिळून इमारतीच्या 49 टक्के क्षेत्रापर्यंतच. फेब्रुवारीत कुलूप लावून यायचंय तर आम्हाला भाड्याचंच परवडतं.