नवी प्रणाली आणताय? सरकारी कार्यालय आणि खासगी कंपनी यांतला फरक आधी बघा

सरकारी कर्मचारी संगणकाला घाबरतात आणि खासगीतले पटकन शिकतात, हे गृहीत धरून नव्या सॉफ्टवेअरचं नियोजन करणार असाल तर थोडं थांबा. घरी मोबाइलवर बँक आणि तिकिटं सांभाळणारा माणूस कार्यालयात आल्यावर अडाणी होत नाही.

माणसं नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात, याचं संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेलं प्रारूप आजही कामाचं आहे. तंत्रज्ञान उपयोगी वाटतं का आणि वापरायला सोपं वाटतं का, या दोन गोष्टींवर स्वीकार ठरतो. त्यात उपयोगाचं पारडं जड. पण उपयोग नेमका कुणाला? खरी मेख इथेच आहे.

सरकारी कार्यालयातल्या लिपिकाचं टेबल बघा. अर्ज आला की आवक नोंदवहीत नोंद, मग तीच नोंद संगणकात, मग प्रिंट काढून फाइलला लावायची आणि त्यावर सही घ्यायची. लेखापरीक्षणात कागदच मागितला जाणार असेल, तर तो नोंदवही कशी सोडेल? फायदा मुख्यालयाला आणि अर्जदाराला, दुप्पट काम त्याला. शिवाय चुकीची नोंद झाली तर खुलासा त्यालाच द्यावा लागतो. एवढ्यात जोर लावणाऱ्या अधिकाऱ्याची बदली होते आणि सगळं पुन्हा कागदावर येतं. याला विरोध म्हणण्यापेक्षा हिशेब म्हणावं.

खासगीत नकार कानावर येत नाही, कारण मूल्यमापन डोक्यावर असतं. म्हणून तिथला स्वीकार मला जास्त फसवा वाटतो. विक्री प्रतिनिधी महिनाभराच्या भेटी आढाव्याच्या आदल्या संध्याकाळी एका बैठकीत भरतो. खरे ग्राहक, त्यांच्या खोडी, कोण कधी पैसे देतो, हे सगळं त्याच्या स्वतःच्या एक्सेलमध्ये. ती माहिती कंपनीला दिली की आपली गरज संपेल, ही भीती अगदीच खोटी नाही. लॉगिनचे आकडे मात्र झकास दिसतात.

संशोधक विश्वनाथ वेंकटेश आणि याच डेव्हिस यांच्या २००० सालच्या अभ्यासात सक्तीच्या वापरात वरिष्ठांसारख्या महत्त्वाच्या माणसांच्या मताचा प्रभाव दिसला, पण अनुभव वाढला तसा तो ओसरला. म्हणजे आदेशाने माणूस स्क्रीनसमोर बसतो, तेवढंच. दोन्हीकडे.

मग पैसा आणि वेळ कुठे घालायचा? सरकारी कार्यालय असेल तर प्रशिक्षणाआधी कागदी नोंदवही अमुक तारखेपासून बंद, असा लेखी आदेश मिळवा आणि लेखापरीक्षकांची संमती घ्या. निविदा निघण्यापूर्वी टेबलावरच्या माणसाला प्रणाली हाताळू द्या. एकाची बदली झाली तरी काम अडू नये म्हणून प्रत्येक शाखेत किमान दोघं तयार करा. खासगीत प्रशिक्षण लवकर उरकतं. तिथे भरलेली माहिती कशासाठी वापरली जाणार नाही, हे आधी लिहून द्या, आणि नव्या नोंदीच्या बदल्यात एखादा जुना अहवाल रद्द करा. दर वर्षी साधन बदलायची हौस असेल तर ती आवरा.

सरकारी बँक किंवा कडक नियमांखालची खासगी विमा कंपनी असेल तर दारावरच्या पाटीवर जाऊ नका. चूक झाल्यावर खुलासा कोण देतो आणि जुनी वही अजून कुणाच्या खणात आहे, एवढं विचारा. कुठली वाट धरायची ते त्यावरून ठरवा.