काटेरी लगाम उतरवून साधं स्नॅफल: एक पावसाळा काढल्यानंतर

हा लगाम मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी घेतला. कानपूरची बनावट, म्हशीचं तपकिरी चामडं, सोबत दोन सांध्यांचं स्टीलचं स्नॅफल, म्हणजे घोड्याच्या तोंडात बसणारं बिनकाट्याचं कडियाळं. किंमत सगळी मिळून चार हजारांच्या आत. घोडी मैना, मारवाडी, माझ्याकडे येण्याआधी वरातीत नाचलेली. कोरं चामडं पहिल्या आठवड्यात सगळ्यांचंच देखणं दिसतं, म्हणून पावसाळा जाईपर्यंत काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

ती आली तेव्हा तिच्या तोंडात काटेरी कडियाळं होतं. आपल्याकडे गावोगाव हेच दिसतं: लोखंडी दांडी आणि तिला जिभेच्या व ओठांच्या बाजूने टोकदार काटे. भारवाहू जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत अशा काटेरी कडियाळ्याला मनाई आहे. तरी घोडेबाजारात ते रंगीत गोंड्यांच्या शेजारी राजरोस टांगलेलं असतं. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी हिरडी असते, कडियाळं तिथे बसतं. त्या हिरडीखाली मांस जवळजवळ नाहीच, लगेच जबड्याच्या हाडाची धार. तिथे काटा टोचला की घोडा मान वर फेकतो, तोंड उघडतो, जागच्या जागी थिरकतो. बघणाऱ्याला ते पाणीदार जनावर वाटतं. असो.

घोडी सांभाळणारे आमचे सईस चाचा म्हणाले, “ताई, काटा काढलात तर घोडी हातात राहायची नाही.” त्यांचं अगदीच चुकलं असं नाही. पहिले काही आठवडे मैनाने स्नॅफलला जुमानलंच नाही. दुखत नाही म्हटल्यावर ती सगळं वजन माझ्या हातांवर टाकून पुढे रेटायची. बाहेर न्यायचंच नाही, कुंपणाच्या आत आधी चाल, मग दुडकी, आणि थांबवायचं ते हातातल्या वाद्या ओढून नव्हे तर बैठक जड करून, आवाज देऊन, मग बोटं मिटून. घोडी ज्या क्षणी थांबते त्या क्षणी बोटं सैल. हे सुटणं वेळेवर झालं नाही तर जगातलं कुठलंही कडियाळं उपयोगाचं नाही. त्यामुळे कुणी विचारलं, की यात घोडा आवरतो का, तर उत्तर आहे: शिकवलेला आवरतो. फक्त लगाम बदलून उद्या सकाळी रस्त्यावर जाणार असाल तर जाऊ नका.

स्नॅफलविषयी थोडं सविस्तर, कारण पैसे खरे तिथेच वसूल झाले. एका सांध्याचं स्नॅफल ओढलं की मध्ये दुमडतं आणि टाळू बसकी असली तर सांध्याचं टोक वर लागू शकतं. माझ्या या स्नॅफलला मध्ये बदामी आकाराची छोटी गोलसर कडी आहे, त्यामुळे ते जिभेवर सपाट पसरतं. जाडी १४ मिलिमीटर. जाड कडियाळं मऊ, बारीक कडियाळं कडक, असं सरसकट सांगतात. पण अरुंद जबड्यात, जाड जिभेवर जाड नळी कोंबली तर घोड्याला तोंडच मिटता येत नाही. मैनाला १२५ मिलिमीटर लांबी बरोबर बसली, दोन्ही बाजूंना ओठाबाहेर जेमतेम पाच मिलिमीटर. लांबी अंदाजाने मागवू नका. दोरीला गाठ मारून ती तोंडातून आरपार घ्या, दुसऱ्या ओठाशी खूण करा, मग मोजा. चढवण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांकडून तोंडही बघून घेतलं. दाढांच्या पुढे कधीकधी एक बारकासा निरुपयोगी दात उगवतो, कडियाळं त्यावर आपटलं की घोडा डोकं झटकतो आणि दोष लगामाला जातो.

आता तक्रारी. पहिली कपाळपट्टीची. हे संच विलायती घोड्यांच्या डोक्याच्या मापावर बेतलेले, आकार सहसा तीनच: पोनी (लहान), कॉब (मध्यम), फुल (मोठा). मारवाडी घोड्याचं तोंड लांब आणि अरुंद, त्यात कान आत वळून टोकाशी टोक भिडवणारे. कॉबच्या गालपट्ट्या आखूड पडल्या, फुलच्या बरोबर बसल्या. पण फुलची नाकपट्टी ढगळ आणि कपाळपट्टी कानांच्या मुळाशी अशी घासायची की घोडी शिरपट्टी बघूनच मान उचलायची. शेवटी कपाळपट्टी गावातल्या चांभारदादांकडून वेगळी करून घेतली, थोडी लांब, मध्ये खाली झुकलेली. ते काम मूळ संचापेक्षा सुबक झालं. विक्रेत्याला फोटो पाठवले होते, त्याने ‘एक्स्ट्रा फुल’ घ्यायला सांगितलं. घोड्याचे कान त्याने बघितलेच नसावेत.

दुसरी तक्रार बकलांची. कडियाळं चांगल्या स्टीलचं, अजून लख्ख. बकलांवर मात्र नुसता मुलामा. श्रावणातच तो सुटू लागला आणि जिभल्यांच्या मुळाशी गंज आला. गालपट्टीचं एक बकल मी बदलून पितळी बसवलं, बाकीची याच महिन्यात बदलणार. लगाम घेताना लोक चामडं वाकवून बघतात, बकलं कुणी बघत नाही, आणि चालत्या घोड्यावर आधी दगा देतं ते बकल.

चामडं मात्र टिकलं. सुरुवातीला पुठ्ठ्यासारखं होतं. वाद्या हातात धरल्या की बोटं दुखायची. तेल थोडं थोडं, आतल्या खरबरीत बाजूने, दोन-तीन रात्री लावल्यावर वळायला लागलं. त्यानंतर दर रपेटीनंतर ओल्या फडक्याने घाम पुसणं आणि आठवड्याला ग्लिसरिनचा साबण, एवढंच. पावसाळ्यात बुरशी येतेच, ती कोरड्या कापडाने पुसून वाऱ्यावर टांगायचा. उन्हात ठेवलात तर शिवणीपाशी भेगा पडतील. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवण्याचा मोह टाळा. शिवण एका ठिकाणीच उसवली, वाद्यांच्या टोकाला, जिथे त्या कडियाळ्याच्या कडीत अडकतात. ती जागा दर वेळी बोटाने चाचपून बघते.

नाकपट्टीबद्दल एवढंच, की ती तोंड बांधण्यासाठी नाही. नाकाच्या हाडावर, समोरून, दोन बोटं सहज जायला हवीत. गालाजवळ बोटं घालून बघण्यात अर्थ नाही, तिथे मऊ असल्याने ती नेहमीच जातात. गळपट्टीत मूठ मावली पाहिजे. संचासोबत आलेला जेरबंद, म्हणजे मान खाली बांधून ठेवणारा पट्टा, मी वापरलाच नाही. मैना मान फेकायची ती काट्यामुळे, आता फेकत नाही, मग ती खाली बांधायची कशासाठी?

सईस चाचा आता स्वतःच स्नॅफल चढवतात, थंडीत आधी हातात धरून ऊब देतात. काट्याबद्दलचं मत त्यांनी बदललेलं नाही. “ही घोडीच गरीब आहे,” म्हणतात.

पुन्हा घ्यायचं झालं तर हेच स्नॅफल घेईन, चामड्याचा संच मात्र कपाळपट्टी आणि बकलं वगळून, सुट्या भागांत. मारवाडी किंवा काठियावाडी घोडा असेल तर तयार संच घेऊच नका. दुकानदार सुटं देत नसेल तर शिरपट्टी, गालपट्ट्या आणि वाद्या जवळच्या चांभाराकडून करून घ्या, पितळी बकलं स्वतः नेऊन द्या, आणि वाचलेले पैसे कडियाळ्यावर घाला.