दुहेरीसाठी दोन रॅकेट : अ‍ॅस्ट्रॉक्स ८८ एस प्रो आणि ८८ डी प्रो

बॅडमिंटनच्या रॅकेटचे वर्णन सहसा खेळाडूच्या स्वभावावरून केले जाते; आक्रमक खेळणाऱ्याला एक, बचाव करणाऱ्याला दुसरी. योनेक्स या जपानी कंपनीच्या अ‍ॅस्ट्रॉक्स ८८ मालिकेने २०१८ साली निराळाच प्रश्न विचारला : दुहेरीत तुम्ही उभे कुठे राहता? नेटजवळ राहणाऱ्यासाठी ८८ एस आणि मागच्या रेषेपाशी राहणाऱ्यासाठी ८८ डी अशी ही जोडी बाजारात आली, २०२१ मध्ये तिची प्रो आवृत्ती निघाली आणि २०२४ मध्ये त्या आवृत्तीचीही सुधारणा झाली. नावातला एस म्हणजे स्किल, अर्थात कौशल्य, आणि डी म्हणजे डॉमिनेट, अर्थात वर्चस्व. मागे उभ्या राहणाऱ्याला कौशल्य लागत नाही असा याचा अर्थ कोणी काढू नये, परंतु मागे खेळणाऱ्या ज्या ज्या मैत्रिणीला मी ही नावे सांगितली, तिने आधी तोच काढला.

मी २०२१ च्या दोन्ही प्रो रॅकेट दीड हंगाम वापरल्या आहेत. महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी असे दोन्ही प्रकार मी खेळते, त्यामुळे एकाच स्पर्धेत सकाळी नेटपाशी आणि दुपारी मागे असे दोन्ही ठिकाणचे काम माझ्या वाट्याला येते. तुलना प्रामाणिक व्हावी म्हणून दोन्ही रॅकेट ४यू वजनाच्या, म्हणजे ८० ते ८४.९ ग्रॅमच्या गटातल्या घेतल्या, ग्रिपची जाडी सारखी ठेवली आणि दोन्हींना ०.६८ मिलिमीटर जाडीच्या बीजी ८० तारेचे २६ पौंड ताणाचे गटिंग, म्हणजे जाळीची विणणी, करून घेतले. वजन सारखे असूनही हातात घेतल्यावर त्या सारख्या वाटत नाहीत. दोन्हींचा दांडा एकाच जागी बोटावर आडवा टेकवला की एस तोल सावरायचा प्रयत्न करते आणि डीचे डोके सरळ खाली झुकते. एवढ्या एका प्रयोगात दोन्हींतला बराचसा फरक कळतो. अ‍ॅस्ट्रॉक्स मालिकेत वजन मुठीच्या टोकाशी, फ्रेमच्या बुडाशी आणि फ्रेमच्या शेंड्याला असे तीन ठिकाणी वाटलेले असते, जेणेकरून एक फटका मारून झाल्यावर रॅकेट पुढच्या फटक्यासाठी लवकर फिरावी. दांडा दोन्हींचा कडक आहे.

एसचे खरे मोल पहिल्या तीन फटक्यांत कळते. दुहेरीत सर्व्हिस, तिचा परतावा आणि त्यावरचा तिसरा फटका या तिघांतच बहुतेक रॅलीचा कल ठरून जातो, आणि हे जो अनेक वर्षे खेळतो त्याच्या सरावाचा मोठा भाग याच तीन फटक्यांत खर्ची पडतो. सर्व्हिस करताना शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या वर असता कामा नये, हा नियम २०१८ पासून लागू झाला आणि उंच खेळाडूंना कोपर, गुडघे, खांदा सगळेच नव्याने बसवावे लागले. अशा आखूड सर्व्हिसला मनगट जवळजवळ हलत नाही, अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून शटलला नुसते ढकलायचे असते, आणि त्या वेळी रॅकेटचे डोके जड असेल तर हात आपोआप अंगुळभर पुढे जातो व शटल नेटच्या पट्टीवरून वीतभर उंच उडते. समोरचा खेळाडू तेवढ्याचीच वाट पाहत असतो. एसने सर्व्हिस करताना हे अंगुळभर पुढे जाणे माझ्याकडून थांबले. मिश्र दुहेरीत समोरच्या पुरुषाचा ड्राइव्ह, म्हणजे नेटवरून सपाट आलेला वेगवान फटका, छातीवर आला, तर ग्रिप उलटून बॅकहँडला घ्यायला डोळ्यांचे पाते लवते न लवते एवढाच अवधी मिळतो. तेवढ्यात ही रॅकेट फिरते. इंडोनेशियाचा दुहेरीपटू केव्हिन संजया सुकामुल्जो नेटजवळ जे करत असे ते कोणत्याही रॅकेटने आपल्याला जमणार नाही, पण तो रॅकेट कंबरेच्या खाली का जाऊ देत नसे, हे एस हातात असताना समजते, कारण ती तासभर वर धरून ठेवली तरी खांदा बोलत नाही.

डीचे काम मागे आहे आणि तिथे ती चोख आहे. मागच्या रेषेच्या आत हातभर, किंचित मागे झुकलेल्या अवस्थेत मारलेला स्मॅश बहुधा पोकळ जातो. डीच्या डोक्याचे वजन अशा अर्ध्यामुर्ध्या फटक्यालाही थोडे बळ देते. सलग तीन स्मॅश मारायचे असतील तर तिसराही पहिल्यासारखाच उतरतो, पण त्यासाठी पाय शटलखाली वेळेवर पोहोचले पाहिजेत. ते पोहोचले नाहीत, तर कडक दांडा काही दया करत नाही.

वेगाच्या बाबतीत मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीने एप्रिल २०२३ मध्ये जपानमधील कारखान्यातल्या चाचणीत ताशी ५६५ किलोमीटरचा स्मॅश मारून गिनीज विक्रम केला, तेव्हा त्याच्या हातात डोक्याला जड अशी अ‍ॅस्ट्रॉक्स नव्हती, तर त्याच कंपनीची डोक्याला हलकी नॅनोफ्लेअर १००० झेड होती. त्याआधीचा ४९३ किलोमीटरचा विक्रम २०१३ पासून मलेशियाच्या तान बून हेओंगच्या नावावर होता, महिलांमधला ४३८ किलोमीटरचा विक्रम सात्त्विकने विक्रम केला त्याच दिवशी मलेशियाच्याच पर्ली तानने केला, आणि प्रत्यक्ष सामन्यात ४२६ किलोमीटरचा स्मॅश २०१७ साली डेन्मार्कच्या मॅड्स पीलर कोल्डिंगने मारला होता. हे चौघेही दुहेरीचे खेळाडू आहेत, हा योगायोग नाही. जोडीदार पुढचे अर्धे कोर्ट सांभाळत असल्यामुळे दुहेरीतल्या मागच्या खेळाडूला संपूर्ण अंग झोकून देण्याची मुभा असते. एकेरीत तसा स्मॅश मारला आणि तो परत आला, तर सावरायला कोणी नसते. तेव्हा डी घेतली की स्मॅश वेगवान होईल अशा आशेने कोणी ती घेऊ नये. डी वेगापेक्षा वजन देते, आणि वजनाचा फटका समोरच्याच्या रॅकेटला जाणवतो, वेगमापकाला जाणवेलच असे नाही.

आता या जोडीमागच्या कल्पनेबद्दल. पुढचा खेळाडू आणि मागचा खेळाडू ही वाटणी कागदावर नेटकी दिसते, आणि काही खेळाडूंची सबंध कारकीर्द तिच्यात बसतेही. चीनच्या फू हायफंगने लंडन २०१२ चे ऑलिंपिक सुवर्ण काय युनसोबत आणि रिओ २०१६ चे सुवर्ण झांग नानसोबत जिंकले. जोडीदार बदलला, पण मागून तोफ डागण्याचे त्याचे काम बदलले नाही. इंडोनेशियाचा हेंद्रा सेतियावान याच्या उलट बाजूचा. मार्किस किडोसोबत २००७ चे जागतिक विजेतेपद आणि २००८ चे बीजिंगचे ऑलिंपिक सुवर्ण, मग मोहम्मद अहसानसोबत २०१३, २०१५ आणि २०१९ ही तीन जागतिक विजेतेपदे, त्यातले शेवटचे तर स्वतःच्या ३५ व्या वाढदिवशी, आणि निवृत्ती २०२५ मध्ये. स्मॅशच्या बळावर खेळणाऱ्याला एवढी लांब कारकीर्द क्वचितच लाभते. हेंद्राला ती नेटजवळच्या शांत हाताने आणि सर्व्हिसच्या परताव्याने मिळवून दिली. एस नावाची रॅकेट अशाच खेळाडूंकडे पाहून सुचली असावी असे मला नेहमी वाटते.

परंतु महिला दुहेरीत ही वाटणी दहाव्या फटक्यानंतर टिकत नाही. तिथे एका स्मॅशने रॅली संपत नाही. बचाव चिवट असतो, शटल पुन्हा पुन्हा उंच येते, आणि प्रतिस्पर्धी मुद्दाम मागच्या खेळाडूला पुढे ओढतात व पुढचीला मागे ढकलतात. तिसऱ्या गेममध्ये १४-१४ असा गुण असताना माझ्या हातात डी होती आणि मी फिरत फिरत नेटपाशी आले होते, असा एक सामना मला लख्ख आठवतो. समोरून लागोपाठ तीन पुश, म्हणजे नेटजवळून सपाट ढकललेले फटके, आले. पहिला घेतला, दुसरा फ्रेमला लागून कसाबसा परतला, आणि तिसऱ्याच्या वेळी रॅकेट अजून दुसऱ्याच्याच जागी होती. दोष रॅकेटचा म्हणता येणार नाही, कारण ती त्या जागेसाठी बनवलेलीच नाही. मात्र रॅली चालू असताना जागेनुसार रॅकेट बदलत राहणे काही जमत नाही, आणि दुहेरीतली जागा प्रत्येक रॅलीत बदलते, हा पेच या मालिकेच्या रचनेतच आहे.

हा पेच अखेर सोडवला तो जोडीदाराने. पूर्वीची माझी जोडीदार नेटजवळ तरबेज होती, त्यामुळे मागचे काम माझ्याकडे आणि डी माझ्या हाती, असे बरे चालले होते. ती दुखापतीमुळे थांबली आणि नवी जोडीदार आली ती माझ्यापेक्षा जोरात स्मॅश मारणारी. पहिल्या आठ दिवसांत आम्ही दोघी मागेच धावत होतो. मग मी एस उचलली आणि पुढे राहायला शिकले, म्हणजे आधी रॅकेट बदलली आणि मागाहून खेळ. दुहेरीच्या व्यावसायिक खेळाडूला हा प्रकार नवा नाही. जागतिक क्रमवारीतले गुण जोडीच्या नावावर जमा होतात, एकट्याच्या नव्हे. जोडी मोडली की नव्या जोडीला नव्याने गुण उभे करावे लागतात. अश्विनी पोनप्पाने ज्वाला गुट्टासोबत २०११ चे जागतिक कांस्यपदक मिळवले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ती तनिषा क्रास्टोसोबत उतरली. या १३ वर्षांत सवयी किती वेळा मोडून नव्याने बांधाव्या लागल्या असतील, ते जोडीदार बदललेल्यालाच कळेल. याउलट ली यांग आणि वांग ची-लिन या तैवानच्या जोडीने टोकियो आणि पॅरिस अशी सलग दोन ऑलिंपिक सुवर्णे एकत्र जिंकली, जे पुरुष दुहेरीत आधी कोणत्याच जोडीला साधले नव्हते. तेव्हा रॅकेट घेताना ‘माझा खेळ कसा आहे’ हा प्रश्न दुय्यम समजावा. जोडीदार काय करू शकत नाही, ते आधी पाहावे.

टिकाऊपणाबद्दल दुहेरीच्या खेळाडूने एकेरीवाल्याचे मत विचारूच नये. एकेरीत रॅकेट जमिनीला घासते. दुहेरीत ती जोडीदाराच्या रॅकेटवर आदळते. दोघींच्या मधोमध आलेले शटल दोघींनीही ‘माझे’ म्हणून घेतले की जो कडकन आवाज होतो, तो ऐकून प्रेक्षकही दचकतात. असा एक आवाज माझ्या एसच्या वाट्याला आला. गटिंग करणाऱ्याने फ्रेमच्या वरच्या उजव्या बाजूला केसासारखी बारीक चीर दाखवली आणि आता यावर २६ पौंड ओढू नका असे बजावले. मी रंगच उडाला असेल म्हणून हट्ट धरला, आणि चौथ्या दिवशी साध्या टॉसच्या, म्हणजे शटल उंच मागे उडवण्याच्या, फटक्याला फ्रेम आत दुमडली. चूक सर्वस्वी माझी. उच्च श्रेणीतली रॅकेट अशी गमावणे दुहेरीत अधिक बोचते, कारण जागतिक बॅडमिंटन महासंघाच्या मालिकेतल्या सुपर १००० आणि सुपर ७५० या सर्वांत वरच्या श्रेणींच्या स्पर्धांत एकेरीच्या विजेत्याला एकूण बक्षिसाच्या ७ टक्के मिळतात, तर दुहेरीच्या विजेत्या जोडीला ७.४ टक्के, आणि ते दोघांत वाटले जातात. रॅकेट मात्र प्रत्येकाला स्वतःच्या, आणि किमान तीन लागतात. कंपनीचा करार असलेल्या मोजक्या खेळाडूंना ही चिंता नाही, बाकीच्यांना आहे.

नव्याने दुहेरी खेळू लागलेल्यांनी प्रोच्या वाटेला जाऊ नये. याच मालिकेत टूर, गेम आणि प्ले या खालच्या श्रेणी आहेत. त्यांतली एस घेऊन सर्व्हिस आणि परतावा पक्का होईपर्यंत खेळावे. मिश्र दुहेरी खेळणाऱ्या स्त्रियांना मी डोळे झाकून एस प्रो सुचवीन. पुरुष दुहेरीत ज्याची मागची जागा ठरलेली आहे, खांदा धडधाकट आहे आणि जोडीदार नेटवर भरवशाचा आहे, त्याच्यासाठी डी प्रोसारखी रॅकेट शोधून सापडणार नाही. ज्याचा जोडीदारच अजून ठरायचा आहे त्याने एस घ्यावी, कारण कमी ताकदीचा स्मॅश जोडीदार भरून काढतो, पण उशिरा उचललेली रॅकेट कोणीच भरून काढत नाही.

माझ्या पिशवीत सध्या तीन एस आणि एक डी आहे. ती एकटी डी मी जागेसाठी नव्हे, हवेसाठी ठेवली आहे. सभागृह थंड असले की शटल जड चालते, दहा मिनिटे मारामारी केली तरी मागच्या रेषेपर्यंत पोहोचत नाही, आणि अशा दिवशी सरावाच्या पहिल्या पाच-सहा टॉसनंतर जोडीदार काही न बोलता माझ्या पिशवीची चेन उघडून डी बाहेर काढून ठेवते.