ऑगस्टमध्ये कुणी ‘पेरिगॉरची काळी ट्रफल’ पुढे केली तर सरळ उठा

२६७ युरो ५० सेंट. चौघांचं दुपारचं जेवण. कुणी वाइन घेतली नाही, कुणी मांसाला हात लावला नाही. चार ऑम्लेट, सोबत बटाटे, चार आइस्क्रीम आणि पाणी. कार्डावर पडले २८,८९० रुपये. चारचौघांत सांगायची लाज वाटते, पण आपली मंडळी हल्ली पॅरिस सोडून गाडी घेऊन फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत जातात, म्हणून लिहितोय.

जागा फ्रान्सच्या नैऋत्येकडच्या पेरिगॉर भागातली, सार्ला या शहराच्या आसपासचं एक लहानसं खेडं. आयफेल टॉवरखाली लुटतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, तिथे आम्ही खिशावर हात ठेवूनच फिरलो. इथे दगडी घरं, दारात द्राक्षाचा मांडव, मालक स्वतः वाढायला उभा. अशा ठिकाणी कोण संशय घेणार? आम्ही काही डोळे मिटून आत शिरलो नव्हतो. बाहेरच्या पाटीवर खडूने दर लिहिले होते, ऑम्लेट १८ युरो. ते वाचूनच बसलो. दर बाहेर लावणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. पाटीवर नसलेलं जे काही तोंडी पुढे करतात, त्याची किंमत कागदावर लिहून घ्या.

आई-बाबा अंडं खातात, मांस-मासे नाही. फोनवर भाषांतर करून मालकाला दाखवलं, त्याने मान डोलावली. मग फडकं झाकलेली टोपली आणली. आत काळपट, खडबडीत गाठी. ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी, वासासाठी खाल्ली जाणारी महागडी अळंबी. ‘पेरिगॉरची काळी ट्रफल, आमच्याच रानातली. ऑम्लेटवर किसून देऊ?’ किंमत विचारली तर दोन बोटं जवळ आणून ‘थोडीशी’ अशी खूण केली. बिलात त्या थोडीशीचे ताटामागे ३५ युरो निघाले. चौघांचे १४०. ऑम्लेटच्या जवळजवळ दुप्पट!

तो क्षण अजून डोळ्यांसमोरून जात नाही. त्याने आमच्यासमोर गाठ किसायला घेतली आणि ती आतून बदामी निघाली, दुधाळ चहासारख्या फिक्या रंगाची. पेरिगॉरची खरी काळी ट्रफल आतून काळी असते, मधून पांढऱ्या बारीक रेषा. ती तयार होते हिवाळ्यात, साधारण डिसेंबर ते मार्च. आम्ही बसलो होतो ऑगस्टमध्ये! उन्हाळ्यात मिळते ती वेगळी जात, ट्युबर एस्टिव्हम. तिचा वास बेताचा आणि किंमत काळीच्या मानाने कितीतरी कमी. ऐन दिवाळीत कुणी झाडावरचा ताजा देवगड हापूस म्हणून पेटी पुढे केली तर आपण त्याला दारात उभं करणार नाही. पण ट्रफलचा हंगाम ठाण्यातल्या माणसाला कुठून माहीत असणार? बायको तेव्हाच म्हणाली होती, ‘अरे, याने अजून किसलं पण नाही, मग एवढा घमघमाट कसला?’ मला वाटलं स्वयंपाकघरातून येत असेल. तो तेलाचा होता. ट्रफल ऑइल म्हणून जे विकतात, त्यातल्या बहुतेकांत प्रयोगशाळेत बनवलेला वास असतो.

पाण्याचं तर ऐकाच. फ्रान्समध्ये जेवणासोबत नळाच्या पाण्याचा जग फुकट द्यावाच लागतो, ‘काराफ दो’ म्हणून मागायचा. मी मागितला. ‘गावातलं पाणी चांगलं नाही’ म्हणाला आणि साडेसहा युरोची एक, अशा तीन बाटल्या फोडल्या. समोर त्याची स्वतःची मुलगी नळाचं पाणी पीत होती.

पैशांचं एक वेळ सोडून देऊ. त्या भागातले प्रसिद्ध ‘सार्लादेज’ बटाटे बदकाच्या चरबीत परततात. हे आम्हाला रात्री मुक्कामाच्या घरमालकिणीने सांगितलं. मांस नको हे त्या माणसाने फोनवर वाचलं होतं, आणि आईने दुसऱ्यांदा मागितले तेव्हा हसून वाढले होते. आई रात्री जेवली नाही. शाकाहारी असाल तर ‘मांस नको’ एवढं पुरत नाही, चरबी कुठली हे विचारा.

कार्डाचं मशीन हातात देण्याआधीच त्याने रुपये निवडून टाकले होते. युरोला १०८ रुपये, बँकेचा दर तेव्हा १०१ च्या आसपास. मशीनवर रुपये दिसले तर व्यवहार रद्द करायला लावा, पैसे युरोतच द्या.

पोलीस चौकीत गेलो. तासभर बसवून ठेवलं आणि मग, तुम्ही मागवलं, तुम्ही खाल्लं, हा तुमचा आणि हॉटेलवाल्याचा मामला. पर्यटन कार्यालयातल्या बाईंनी बिल हातातसुद्धा घेतलं नाही. मालक चांगला माणूस आहे म्हणाल्या आणि किल्ल्यांचं माहितीपत्रक हातात ठेवलं. किल्ले! भारतातल्या बँकेला लिहिलं तर पिन टाकला म्हणजे संमती दिली, असं साच्यातलं उत्तर. परत लिहिलं, परत तेच. फसवणाऱ्याने पिन घालायला लावला हेच तर सांगतोय, पण वाचतो कोण? म्हाताऱ्या माणसांना चरबी खायला घातली त्याची नोंद घेणारा रकाना तर कुणाच्याच अर्जात नाही.

बिल मात्र सोडू नका. पंचवीस युरोंच्या वर तपशीलवार पावती द्यावीच लागते. तो नुसता आकडा लिहिलेली चिठ्ठी देत होता, मी अडून बसलो. त्या पावतीच्या आणि ट्रफलच्या चकत्यांच्या फोटोच्या जोरावर तिथल्या सरकारच्या सिग्नलकॉन्सो या संकेतस्थळावर तक्रार टाकली. तिथली तक्रार व्यावसायिकाला कळते आणि त्याला उत्तर देता येतं. त्याचं उत्तर आलं. ट्रफल ताजी होती, स्थानिक होती, ग्राहकांनी आवडीने खाल्ली. काळी होती असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.